खालच्या पट्टीतला पाटील

आमच्या सोसायटीच्या गणपतीत विसर्जनाच्या आदल्या रात्री मुलांचे कार्यक्रम असतात. एखादं कथ्थक, एक गिटार, दरवर्षीचीच ती झाडे वाचवा छापाची नाटुकली आणि शेवटी मिमिक्री. यंदा सातवी-आठवीतला एक मुलगा आजोबांची गांधी टोपी तिरकी घालून मंचावर आला. त्याने एक डोळा बारीक केला, खालचा ओठ पुढे काढला, नसलेल्या मिशीवर ताव दिला आणि माईक जवळजवळ गिळूनच ओरडला, "बाईऽऽऽ!" पुढचं त्याला म्हणावंच लागलं नाही. खुर्च्यांवरच्या आजी-आजोबांपासून सतरंजीवरच्या पोराटोरांपर्यंत सगळ्यांनी एका सुरात पुरं केलं, "वाड्यावर या!" हशा, शिट्ट्या, वन्स मोअर. नंतर पावभाजीच्या रांगेत तो माझ्या पुढेच होता. विचारलं, "कुठल्या सिनेमातलं रे हे?" तो म्हणाला, "सिनेमा नाही काका, रील आहे."

पोराला काय बोलणार? हे वाक्य नेमकं कुठल्या चित्रपटातलं, ते मोठ्या माणसांनाही सांगता येत नाही. निळू फुल्यांचे चित्रपट मी पुष्कळ पाहिलेत, वाईट असलेलेही चिकाटीने पाहिलेत, आणि मला तरी ते अजून कुठे भेटलेलं नाही. पण ते सोडा. त्या रात्री घरी येऊन आडवा झालो तरी डोक्यातून जाईना ते वेगळंच होतं. पोराचा आवाज फार मोठा होता. टोपी बरोबर, ओठ बरोबर, डोळा तर अगदी बरोबर. आवाज तेवढा साफ चुकला होता, आणि तो एकदा चुकला की निळूभाऊंमधलं काहीच उरत नाही.

कारण पडद्यावरचा त्यांचा पाटील ओरडत नाही.

म्हणजे कधीच ओरडत नाही असं नाही. चार-दोन चित्रपटांत दिग्दर्शकाने ओरडायला लावलंय, आणि ते प्रसंग बघवत नाहीत. एरवी त्यांचा आवाज खालच्या पट्टीत असतो. घोगरा, जरासा ओलसर, रात्रभर जागलेल्या माणसाचा असतो तसा. वाक्य ऐटीत सुरू होतं आणि शेवटचे दोन शब्द ते घशातच ठेवतात. त्यामुळे समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं, आणि पुढे वाकलेला माणूस आपोआप लहान होतो. अंगकाठी म्हणाल तर अशी, की रस्त्यात दिसले असते तर कोणी वळून पाहिलं नसतं. किडकिडीत, सावळे, रापलेले. भरदार छाती नाही, पल्लेदार मिशा नाहीत, डोळे वटारून बघावेत असे टपोरे डोळे नाहीत. हिरो दोन गुद्द्यांत आडवा करील असा ऐवज. पण ते खुर्चीत येऊन बसले की पहिल्या क्षणाला कळतं, या माणसाला मारामारी करावी लागत नाही. ती करायला माणसं ठेवलेली आहेत. आणि खरं सांगायचं तर त्या माणसांनाही फारसं काम पडत नाही.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. धमकी देताना ते समोरच्याकडे बघत नाहीत. धोतराचा सोगा सारखा करतील, तंबाखू मळतील, दूर कुठेतरी बांधाकडे बघतील. बोलणं चालू राहतं, नजर मात्र भलतीकडेच. आणि सगळं बोलून झाल्यावर, समोरचा आता सुटलो म्हणून श्वास सोडतो तेव्हा, सावकाश मान वळवून बघतात. बघताना थोडं हसतात. ते हसू घशात सुरू होतं आणि ओठापर्यंत पोचायच्या आत थांबतं. नक्कल करणारे नेमकं हे हसू उचलतात आणि मोठं करतात, मग त्याचं लंपट खिंकाळणं होतं. मूळ हसू लंपट नाही. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे, अशा माणसाचं ते हसू आहे.

हे मला एवढं खात्रीने सांगता येतं, कारण असा माणूस मी आमच्या घरात बाजेवर बसलेला पाहिला आहे.

वडील प्राथमिक शिक्षक. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही कराडकडच्या एका गावात होतो. शाळेला नवीन खोली बांधून मिळाली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. वडिलांनी रीतसर वर लिहून कळवलं, सिमेंट कमी पडलंय, पोरं आत बसवायला धोका आहे. बांधकामाचा ठेका कोणाच्या मेव्हण्याकडे होता ते गावाला ठाऊक होतं, वडिलांनाही ठाऊक होतं. आठ-दहा दिवसांनी तालुक्यातले ते पुढारी संध्याकाळचे आमच्या घरी आले. जीप लांब वडाखाली उभी करून एकटेच चालत आले. दारात चपला काढल्या. आईने चहा केला, तो बशीत ओतून फुंकर मारत प्याले आणि "वैनी, च्या फक्कड झालाय" म्हणाले. मला जवळ बोलावून कितवीत आहेस विचारलं, पाढे म्हणायला लावले, एकोणतिसाचा पाढा आला म्हणून पाच रुपयांची नोट हातात कोंबली. मग बाहेर बघत, अगदी सहज, "मास्तर, लेखणी लई चालती म्हणं तुमची." वडील काही बोलले नाहीत. "चालवावी. शिकलेल्या मानसानं लिवलं न्हाई तर कुनी लिवायचं?" थोडा वेळ गेला. "कोयनेकडं कदी गेलायसा का? हवा लई चांगली. पोरास्नी मानवंल." एवढं बोलून ते उठले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घालून गेले.

एक वाकडा शब्द नाही. आवाज चढला नाही. शेजारी ऐकायला आले असते तर म्हणाले असते, मोठा माणूस, पण किती साधा. आईने त्या रात्री माळ्यावरच्या दोन्ही ट्रंका खाली काढून ठेवल्या. जूनमध्ये आमची बदली झाली, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर. हवा खरोखरच चांगली होती.

पुढे आम्ही कराडात राहायला आलो, टीव्ही आला, आणि शनिवारच्या मराठी चित्रपटात एकदा 'सामना' लागला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, लेखन तेंडुलकरांचं. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात तो गेला होता वगैरे मला खूप नंतर वाचून कळलं. तेव्हा आम्ही नुसते जमिनीवर फतकल मारून बघत होतो. वडील खुर्चीत. दारूडा मास्तर गावात येऊन पडतो आणि हिंदुराव धोंडे पाटील त्याला उचलून आपल्याकडे घेऊन येतो. पाहुणचार सुरू होतो. त्याला आपला कारखाना दाखवतो, आपण केलेली कामं दाखवतो, त्याच्या पेल्याची काळजी घेतो. अर्धा-पाऊण तास झाल्यावर वडील, जे सिनेमा बघताना कधी बोलत नसत, ते म्हणाले, "अरे, हा तर आपल्या घरी येऊन गेलाय."

त्यानंतर मी 'सामना' पुन्हा पुन्हा पाहिला. लोकांना त्यातला मास्तरचा प्रश्न आठवतो, गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दलचा. मारुती कांबळेचं काय झालं? तो आता म्हणीसारखा झालाय, अग्रलेखात, भाषणात, कुठेही फेकतात, फेकणाऱ्यांना मारुती कांबळे कोण तेही कधीकधी माहीत नसतं. मला मात्र त्या चित्रपटातला पाहुणचार आठवतो. हिंदुराव खलनायकासारखा लिहिलेलाच नाही. त्याने खरोखर कारखाना उभा केलाय. माळावर ऊस उभा केलाय. लोकांच्या अंगावर कपडे आलेत. ते दाखवताना निळूभाऊंच्या चेहऱ्यावर जी फुशारकी येते ती अस्सल आहे, त्यात ढोंगाचा लवलेश नाही. दुसऱ्या कुठल्याही नटाने तिथे प्रेक्षकांना गुपचूप डोळा मारला असता, की बघा हं, मी खरा वाईट आहे. निळूभाऊ मारत नाहीत. ते हिंदुरावावर विश्वास ठेवतात. आणि त्या दारूड्या, फाटक्या, गांधींच्या काळातून उरलेल्या मास्तराने आपल्याला बरं म्हणावं म्हणून तो माणूस किती आसुसलेला आहे, हे त्यांच्या बसण्यातून कळतं. खुर्चीत रेलून बसणारा पाटील मास्तरसमोर किंचित पुढे सरकून बसतो. तो प्रश्न पहिल्यांदा येतो तेव्हाही यजमानपण सुटत नाही. तडा जातो, पण केसाएवढा. आमच्या शाळेच्या भिंतीला गेला होता तेवढाही नाही.

आता निळूभाऊंविषयी काहीही लिहायचं तर एक परिच्छेद ठरलेला असतो. पडद्यावर खलनायक, प्रत्यक्षात देवमाणूस. 13 जुलै 2009 ला ते गेले तेव्हा बहुतेक सगळ्या वर्तमानपत्रांत तो परिच्छेद होता. राष्ट्र सेवा दलाचा सैनिक, पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, तुटपुंज्या पगारातले पैसे दलाला देणारा, बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा'त असणारा, अंधश्रद्धा निर्मूलनात दाभोलकरांसोबत उभा राहणारा, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉक्टर लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत गावोगाव फिरणारा. सगळं खरं. पण त्या 'पण'चा मला राग येतो. पडद्यावर वाईट, पण माणूस चांगला. जणू दिवसा एक आणि रात्री दुसरा. जणू नटाने कपाटातून वाईटपणाचा डगला काढला, घातला, आणि शूटिंग संपल्यावर परत टांगून ठेवला. ललिता पवारांबद्दल हेच लिहितात, आणि तमाशापटांत नाच्या करणाऱ्या गणपत पाटलांबद्दलही पडदा वेगळा, माणूस वेगळा असंच. गणपत पाटलांना त्या प्रतिमेने केवढं सोसायला लावलं ते आपण सगळे जाणतो. निळूभाऊंच्या बाबतीत मात्र हा हिशेब मुळातच चुकतो. त्यांचा पाटील त्यांच्या समाजवादाच्या उलट नव्हता. तो त्यातूनच आला होता.

कसा, ते बघा. सेवा दलाचं कलापथक म्हणजे काय? ट्रकमधून जायचं, देवळासमोर किंवा चावडीपुढे दोन बत्त्या लावायच्या, आणि वगातून पुढाऱ्यांची टिंगल करायची. पुलंच्या 'पुढारी पाहिजे'तला रोंगे निळूभाऊंनी तिथे केला. निवडणुकीच्या धामधुमीत 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग स्वतः लिहिला. समोर बसणारं गावच त्या पुढाऱ्याला ओळखत असायचं. बहुतेक वेळा तो पुढारी पहिल्या रांगेत हारतुरे घेऊन बसलेला असायचा, कारण गावात कार्यक्रम त्याच्या परवानगीशिवाय होतच नसे. तेव्हा वगातल्या नटाला दोन कामं एकदम करावी लागतात. मागच्या पाचशे लोकांना हसवायचं, आणि पुढच्या एकाला संशय येऊ द्यायचा नाही की हसू त्याच्यावरच आहे. हे काम ओरडून होत नाही. ते बारीक नजरेने, एखाद्या थांबण्याने, शब्दाच्या शेपटाला किंचित पीळ देऊन करावं लागतं. आणि त्यासाठी त्या पहिल्या रांगेतल्या माणसाला नीट बघावं लागतं. तो पान कसं घेतो, उठताना कोणाच्या खांद्यावर हात ठेवतो, कोणाचं नाव मुद्दाम चुकवतो. पुढे शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' हे वगनाट्य आलं, त्यातून अनंत मानेंच्या 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा आला, आणि मराठी सिनेमाला हा माणूस सापडला असं आपण म्हणतो. खरं तर त्याच्या आधी कैक वर्षं तो चावडीसमोर उभा राहून पहिल्या रांगेचा अभ्यास करत होता.

वगातला पुढारी हसण्यासाठी असतो. हिंदुरावावर कोणाला हसता येत नाही.

या दोहोंच्या मधे काहीतरी घडलं, आणि माझा अंदाज असा की ते 1972 साली रंगभूमीवर घडलं. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम निळूभाऊंनी केला. ते नाटक मी पाहिलेलं नाही, पाहायच्या वयाचा नव्हतो. दिग्दर्शक कमलाकर सारंगांना बंदी आलेलं ते नाटक कोर्टात जाऊन सोडवून आणावं लागलं, त्याची हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे. पण संहिता वाचताना मला तरी सखाराम दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकूच येत नाही. सखाराम टाकलेल्या बायकांना घरी आणतो आणि पहिल्याच प्रवेशात घराचे कायदे सांगतो. काय खायचं, काय नेसायचं, कोणाला उत्तर द्यायचं नाही, नाही जमलं तर दार उघडं आहे. पान-पानभर बोलतो. मोठ्याने, उर्मटपणे वाचलं तर तो नुसता रासवट माणूस होतो. खालच्या पट्टीत वाचा, तर भयंकर काहीतरी दिसायला लागतं. हा माणूस आपल्या दृष्टीने न्यायाने वागतोय. त्याला खरंच वाटतंय की लग्नाच्या नवऱ्यांपेक्षा आपण सरळ आहोत. मधूनच मृदंग काढून बसतो, तेव्हा तर चीडही नीट येत नाही. जुलूम करणाऱ्याच्या मनात आपल्याबद्दल चांगलंच मत असतं, हे या नाटकाने निळूभाऊंना शिकवलं असेल, किंवा त्यांनी त्या नाटकाला. कोणी कोणाला शिकवलं ते आता कळायला मार्ग नाही. पण सखारामनंतरचा त्यांचा पाटील वगातला राहिला नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही आरती होईल. ऐंशीच्या दशकातले त्यांचे बरेच चित्रपट टाकाऊ होते. तोच वाडा, तोच झोपाळा, तीच हातातली काठी, हिरोच्या बहिणीकडे बघणारी तीच नजर. एका चित्रपटातला प्रसंग उचलून दुसऱ्यात टाकला असता तर संकलकालाही पत्ता लागला नसता. अशा चित्रपटांत बाईवर हात टाकायचा प्रसंग हे कथेचं इंजिन असायचं, आणि तो रंगवून दाखवला जायचा. तिथे निळूभाऊ काय वेगळं करत होते? कधीकधी काहीच नाही. नाव चाललं होतं, चूल पेटायची होती, चळवळींना पैसे द्यायचे होते. हे सगळं समजून घेतलं तरी, त्या रात्री सोसायटीतल्या बायकापोरींनी जे वाक्य एवढ्या हौसेने पुरं केलं, त्याची कच्ची माती याच चित्रपटांनी पुरवली, हे नाकारता येत नाही. बाईला वाड्यावर बोलावणं म्हणजे काय, हे ज्या गावांत वाडे होते तिथल्या बायकांना विनोद म्हणून माहीत नव्हतं.

माझी आजी त्यांपैकी. जत्रेतल्या तंबू थिएटरात ती आम्हाला घेऊन पुढे बसायची. निळूभाऊ पडद्यावर आले की आसपासच्या बायका बोटं मोडायच्या. "मुडदा बशिवला त्येचा" हे त्यातल्या त्यात छापण्याजोगं. आजीही मोडायची. पण घरी परत येताना, रॉकेलच्या चिमणीचा वास केसांत घेऊन आम्ही तिच्या मागे चालत असताना, ती हमखास म्हणायची, "पर बोलतोय किती ग्वाड मेला." तिच्या आवाजात तेव्हा कौतुक नसायचं. भीती असायची. शिव्या देणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते तिला माहीत होतं. गोड बोलणाऱ्याचं काय करायचं, ते तिला उभ्या आयुष्यात कोणी शिकवलं नव्हतं.

हिंदी सिनेमालाही हे गोड बोलणं एकदा नीट वापरता आलं. 1984 चा 'सारांश'. निळूभाऊंचा गजानन चित्रे नावाचा राजकारणी शिवाजी पार्कच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या आयुष्यात शिरतो. निळूभाऊंचं हिंदी मराठी वळणाचं आहे, ते सुधारायचा त्यांनी प्रयत्नही केलेला नाही, आणि तेच बरं झालं. बाकीच्या हिंदी चित्रपटांनी त्यांना काय दिलं ते विसरलेलं बरं.

पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात अवघड काम 'सामना' नाही, 'सिंहासन' आहे. 1979. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर. आणि गंमत बघा, पाटांची अदलाबदल झालेली आहे. 'सामना'त प्रश्न विचारणारे डॉक्टर लागू इथे सत्तेचे डाव टाकणारे विश्वासराव दाभाडे आहेत, आणि सत्ता चालवणारे निळूभाऊ इथे पत्रकार दिगू टिपणीस. टोपी गेली. धोतर गेलं. चष्मा आला. दिगूला करायला जवळजवळ काही नाही. मुख्यमंत्री बोलतात, तो ऐकतो. मंत्री बोलतात, तो ऐकतो. कामगारपुढारी बोलतो, तो ऐकतो. प्रत्येकजण त्याला अर्धंमुर्धं सांगतो आणि तो सगळ्यांची अर्धी जोडत मंत्रालय ते रस्ता अशा फेऱ्या मारतो. दुसरा नट असता तर या भूमिकेत प्रतिक्रिया देत बसला असता. भुवई वर, उसासा, मान हलवणं. निळूभाऊ ऐकताना फक्त ऐकतात. कोणाचं बोलणं कुठे पोकळ झालं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहून येत नाही, तरी आपल्याला कळतं, कारण बोलणाऱ्याकडची त्यांची नजर किंचित लवकर हलते. सगळं आतल्या आत साठत जातं, आणि शेवटी तो माणूस वेड्यासारखा हसत सुटतो. पाटलाचं घशात अडवून ठेवलेलं हसू इथे पहिल्यांदा पुरतं बाहेर पडतं, आणि ते ऐकवत नाही.

एकाच नटाने चार-पाच वर्षांच्या अंतराने सत्तेची खुर्ची आणि त्या खुर्चीसमोरचं स्टूल, दोन्हीवर बसून दाखवलं. दोन्हीकडे आवाज तोच, पट्टी तीच. हिंदुरावाचा खालचा आवाज समोरच्याला वाकवतो. दिगूचा खालचा आवाज समोरच्याला बोलतं करतो. मला वाटतं ही करामत ज्याला दिसली त्याला निळू फुले दिसले. बाकीच्यांसाठी टोपी आहेच.

रीलमध्ये तर फक्त टोपी आहे. म्हणजे ते पुन्हा वगातच जाऊन बसले, लोकांना हसवायला. फरक एवढाच की वगाच्या पहिल्या रांगेत पुढारी बसलेला असायचा आणि हसू त्याला लागायचं. आता त्या हसण्यातून पुढारी वजा झालाय, आणि उरलीय नुसती बाई. हल्लीच्या पुढाऱ्यांचं ते माईक खाऊन ओरडणं दिवसभर कानावर पडत असेल, तर पोराने ती पट्टी कुठून आणावी, हाही प्रश्न आहेच.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. परवा त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा हे सगळं त्यांना सांगितलं, आणि आम्ही मोबाईल टेकवून 'सामना' लावला. त्यांचं मत ठाम आहे. लागूंना भाषणं आहेत, निळूभाऊंना नुसतं बसणं आहे, तरी आपण बघतो निळूभाऊंकडेच. तिथवर आमचं जमतं. पुढे फाटतं. चित्रपट संपत येतो तसा हिंदुराव आतून खचत जातो, तो प्रश्न त्याला झोपू देत नाही, त्याच्या डोळ्यांत काहीतरी विझतं. मला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. वडिलांना तो अजिबात पटत नाही. "आपल्याकडे आलेला तो कुठे खचला?" ते म्हणाले. "शेवटपर्यंत निवडून आला. त्याच्या नावाने आता हायस्कूल आहे, तालुक्यातलं सगळ्यात मोठं." मी म्हटलं, ती टोचणी हिंदुरावाची नाहीच मुळी. ती सेवा दलातल्या माळ्याची आहे. निळूभाऊंनी आपल्या पदरची घातली त्याच्यात, कारण त्याला स्वतःची नव्हती.

वडिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "असेल. पण मग सबंध सिनेमात तेवढंच खोटं झालं."